झाड मोजायला शिकू या
(विभागीय सभेत एका कार्यकर्त्याने केलेले भाषण)



देवरी तालुक्यातल्या एका गोंड मावशींनी मुलीच्या लग्नासाठी बांधावरचे साग एका व्यापाऱ्याला नगावर विकले. "किती माल निघाला?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "भाऊ, झाडं मोजली, लाकूड कोण मोजते?"

त्या दिवसापासून मी पिशवीत टेप ठेवतो.

मोजणी अवघड नाही. उभ्या झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. उतारावर असाल तर वरच्या बाजूला उभं राहायचं. उंचीसाठी डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी काठी मुठीच्या वर उभी धरा. काठीत बुंधा ते शेंडा बरोबर मावेपर्यंत मागे सरका. तिथून झाडापर्यंत जेवढं अंतर, तेवढी उंची.

पण झाड वर निमुळतं होत जातं. म्हणून तोडलेल्या ओंडक्याचा घेर मधोमध घ्यायचा. त्याचा चौथा भाग काढा, त्याला त्यानेच गुणा, मग लांबीने गुणा. मधला घेर १२० सेंटिमीटर, लांबी ३ मीटर, तर ०.२७ घनमीटर. कोणी टेप बारीक टोकाला लावली आणि तिथे घेर १०० भरला, तर तोच ओंडका ०.१९ च्या आत येतो. जवळपास तिसरा हिस्सा गेला!

या रीतीतही गोल ओंडक्याचं खरं माप साडेएकवीस टक्के कमीच धरलं जातं. ही चोरी नाही, लाकूड बाजारातली जुनी रीत आहे. मात्र भाव कोणत्या मापावर ठरला, हे विचारलंच पाहिजे.

आदिवासी खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी महाराष्ट्रात १९६९ चा वेगळा कायदा आहे. परस्पर सौदा करू नका. आधी तलाठी आणि वनरक्षक यांना भेटा, अर्ज करा, मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहा आणि आकडे वहीत लिहून घ्या.

खोटी तागडी देवाला आवडत नाही, हे आपण नीतिसूत्रांत वाचतो. खोटी टेपही त्यातलीच. मावशींचे साग आता परत येणार नाहीत. पण दर गावात दोन तरुण मोजणी शिकले, तर पुढच्या मावशीला न्याय मिळेल. त्यासाठी एकेक कापडी टेप द्या, आणि प्रार्थनेत आमची आठवण ठेवा.