मानवाकृती पाहताना

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या उत्सवात चित्रा-मूर्तींविषयी बोलण्याचे मी योजिले, याचे कारण साधे आहे. वाचणे आणि पाहणे ही दोन्ही सावकाशीची कामे आहेत. पुस्तक चाळणारा वाचक नव्हे. तसेच मूर्तीवरून नजर फिरवणारा प्रेक्षक नव्हे. शतकानुशतके कलावंतांनी माणसाची आकृती कशी पाहिली, हे आपल्याच परिसरातील दोन उदाहरणांवरून पाहू.

पहिले अजिंठ्याचे. १९५६ पर्यंत अजिंठा आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद संस्थानात व पुढे राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवट हे आपल्या जिल्ह्याचे तालुके मराठी मुलखाला जोडले गेले, आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. सीमा बदलल्या तरी वारसा वाटून घेता येत नाही.

वाकाटक काळातील, पाचव्या शतकातल्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी पाहा. देह किंचित वळलेला, हातात कमळ, नजर खाली. भुवईची रेषा एकाच ओघात उतरते. शरीरशास्त्राच्या कसोटीवर त्या खांद्यात किंवा बोटांत उणिवा काढता येतील. पण चित्रकाराला स्नायू दाखवायचे नव्हते, करुणा दाखवायची होती. सतराव्या लेण्यात बुद्धासमोर माता आणि बालक उभे आहेत. बुद्ध प्रचंड, ती दोघे लहानशी. येथे आकार हा उंचीचा हिशेब नाही, अर्थाचा हिशेब आहे.

आपल्या शास्त्रांनाही मापे ठाऊक होती. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक आणि शशक असे पुरुषांचे पाच प्रकार सांगितले असून त्यांची उंची १०८ अंगुळांपासून ९० अंगुळांपर्यंत दिली आहे. मात्र त्याच ग्रंथात मार्कंडेय वज्रराजाला बजावतात, की नृत्याचे ज्ञान नसेल तर चित्राचे मर्म कळणार नाही. माप हा आरंभ. हालचालीतला प्राण हे साध्य.

१८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर-प्रतींवरून आकृती काढण्याचे शिक्षण येथे रुजले. त्या शिस्तीने आपल्याला उत्तम चित्रकार दिले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. पण तिच्यामुळे एक पूर्वग्रहही आला : हुबेहूब ते श्रेष्ठ, बाकीचे ओबडधोबड. गंमत अशी, की याच शाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्यात प्रती करीत बसले आणि त्या भिंतींपुढे नतमस्तक झाले.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. जैनूरजवळच्या उशेगावचे ओझा कारागीर गोंड समाजासाठी पितळेच्या मूर्ती ओततात. मातीच्या गाभ्यावर मेणाच्या बारीक तारा गुंडाळून आकृती घडते; वर मातीचा लेप चढतो; भाजताना मेण वितळून जाते आणि त्या पोकळीत तापलेला रस उतरतो. शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघते, दुसरी नाही. ती हातात घेऊन पाहा. अंगभर मेणाच्या तारांची वीण उमटलेली दिसते. जणू देह ओतलेला नसून विणलेला आहे. प्रमाण येथेही अर्थाच्या आज्ञेत चालते. पद्मपाणीला जो न्याय आपण देतो, तोच या मूर्तीला का देऊ नये?

आणि चित्रसूत्राचे ते वचन आठवायचे तर दिवाळीतील दंडारीत गुसाडी पाहावा. अंगाला राख, माथ्यावर मोरपिसांचा भव्य मुकुट. तेथे माणूस स्वतःच आकृती होतो. मारलवाईच्या कनक राजू यांना या नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली; २०२४ मध्ये ते गेले.

श्रोतेहो, पाहण्यात हयगय झाली की काय होते, याचा इतिहास कडवट आहे. मेजर गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे खपून केलेल्या अजिंठ्याच्या प्रतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्सच्या अनेक प्रती १८८५ च्या आगीत जळाल्या. मूळ भिंतींवर चढवलेले वार्निश पुढे पिवळे पडले. प्रेमानेही हानी होते, मग उपेक्षेने किती होत असेल?

अजिंठ्याच्या चित्रकारांची नावे आपल्याला विचारता येत नाहीत. ओझांची येतात. ‘आदिलाबाद डोकरा’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट, परंतु मानांकन कलेला मिळते, करणाऱ्याचे नाव त्यात बुडून जाते. घरी मूर्ती आणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी ते विचारले आहे?

म्हणून शताब्दीनिमित्त माझी एक विनंती आहे. ग्रंथालयात चित्रग्रंथांचे एक कपाट असावे. गुलाम याझदानी यांचे अजिंठ्यावरील चार खंड १९३० ते १९५५ या काळात याच संस्थानाच्या आश्रयाने सिद्ध झाले. त्यांना तेथे मानाचे स्थान मिळावे. त्याच कपाटात ओझांची एक मूर्ती ठेवावी आणि तिच्याखाली, ग्रंथावर लेखकाचे लिहितो तसे, घडवणाऱ्याचे नाव मराठीत आणि तेलुगूत लिहावे. ग्रंथपालांनी ते नाव नोंदवहीतही घ्यावे. शंभर वर्षे पुस्तके जपणाऱ्या संस्थेला हे अवघड नाही.