गाडी कुठे थांबावी



 नियोजनकार आणि अभियंत्यांची ही परिषद हिंगोलीत भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे. लोकलचे नाव निघाले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई येते. पण सकाळी डबा घेऊन दुसऱ्या गावी कामाला, कॉलेजला, दवाखान्यात जाणारी आणि दिवेलागणीला घरी परतणारी माणसे वसमत, कळमनुरी, सेनगावातही आहेत. त्यांच्यासाठी गाडी कुठे थांबावी, याचा विचार आपल्याकडे कुणी नीट केलेला नाही. आज मला तेवढेच बोलायचे आहे.

पूर्णेहून हिंगोलीपर्यंत निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज फाटा 1912 साली आला. हिंगोली ही हैदराबाद कंटिन्जंटची जुनी छावणी आणि कापसाची पेठ. प्रवासी हे त्या काळी रेल्वेचे दुय्यम उत्पन्न होते. वाफेच्या इंजिनाला पाणी कुठे मिळेल, सपाट जमीन कुठे आहे, माल कुठे चढवता येईल, हे पाहून तेव्हा स्टेशनांच्या जागा ठरत. स्वातंत्र्यानंतर हाच मार्ग वाशीम, अकोला करत खांडव्याला जोडला गेला. 2008च्या सुमारास पूर्णा ते अकोला हे दोनशे किलोमीटरहून थोडे जास्त अंतर ब्रॉडगेज झाले. रूळ बदलले, डबे बदलले, पण मरसूळ, वसमत, चोंढी, बोल्डा, नांदापूर, हिंगोली ही साखळी कुणी नव्याने मांडून पाहिली नाही. गेजबदलाच्या वेळी ती संधी होती. ती गेली याचे मला दुःख आहे.

रेल्वेची बाजू आधी समजून घेऊ, कारण ती खरी आहे. स्टेशनच्या आवारात चढ चारशेत एकापेक्षा तीव्र चालत नाही. उभा डबा आपोआप घरंगळू नये म्हणून हा नियम आहे. आपला मार्ग एकेरी. समोरासमोरच्या गाड्या जिथे एकमेकींना वाट देतात त्या क्रॉसिंगच्या स्टेशनाला मालगाडी मावेल अशी, सातशे मीटरहून लांब, सरळ आणि सपाट लूप लाइन लागते. अशी जागा कुठेही मिळत नाही. साधा हॉल्ट मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याला लूप नको, सिग्नल नको. फलाट, छप्पर, दिवे आणि तिकिटाची सोय एवढ्यात भागते. म्हणजे क्रॉसिंग कुठे, हे जमीन ठरवते. हॉल्ट कुठे, हे माणसांनी ठरवायला हवे. आपल्या निवेदनांमध्ये हे दोन्ही एकच समजले जातात आणि मग दोन्ही मागण्या फेटाळल्या जातात.

आता जे बोलणार आहे ते काहींना आवडणार नाही. प्रत्येक गावाला हॉल्ट मागणे थांबवले पाहिजे. इंजिनाने ओढलेली पॅसेंजर गाडी थांबते, माणसे चढतात-उतरतात, पुन्हा वेग धरते, यात चार-पाच मिनिटे जातात. दहा थांबे वाढवले की पाऊण तास गेला. तेवढ्यात एसटी पुढे निघून जाते, आणि ज्याच्यासाठी हॉल्ट मागितला तोच माणूस गाडी सोडतो. मुंबईत दर दोनेक किलोमीटरला स्टेशन चालते, कारण तिथली गाडी विजेची असते, ती झपाट्याने वेग घेते आणि मागून लगेच दुसरी येते. आपल्याकडे दिवसात मोजक्या गाड्या. थांबे कमी असू द्यात, पण सकाळी नऊच्या आत पोहोचवणारी आणि संध्याकाळी सहानंतर निघणारी, विजेवर चालणारी मेमू गाडी मागा. आधी वेळापत्रक, मग स्टेशन, हा क्रम मी आयुष्यभर धरून आहे.

जागा चुकली की काय होते, हे बार्शीने दाखवले आहे. मुख्य मार्ग बार्शीला बगल देऊन गेला आणि आजच्या कुर्डुवाडीला बार्शी रोड नाव मिळाले. मधले अंतर भरून काढायला एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी 1897मध्ये अडीच फुटी रुळांची स्वतंत्र बार्शी लाइट रेल्वे बांधली. एका पेठेला मुख्य मार्गाशी जोडायला वेगळी कंपनी आणि वेगळे गेज लागले! उलट उदाहरण नवी मुंबईचे. मानखुर्द-वाशी मार्ग 1992 साली सुरू झाला. तिथल्या रेल्वेच्या खर्चाचा 67 टक्के वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला, कारण स्टेशन आणि वसाहत एकाच नकाशावर आखली होती. बसथांबा, बाजार, रस्त्याखालून जाणारी वाट, सगळे स्टेशनाबरोबर आखलेले. पैसा सिडकोकडे होता, आपल्याकडे नाही, हे मान्य. पण एका नकाशावर दोन खात्यांनी बसायला पैसा लागत नाही.

वसमतचेच पाहा. वसमतचा माणूस नांदेडला जातो तेव्हा रस्ता त्याला सरळ नेतो, रेल्वे मात्र आधी पूर्णेला नेते. या ओढीच्या विरुद्ध वसमतमध्ये कितीही सुंदर फलाट बांधला तरी नांदेडचा रोजचा प्रवासी तिकडे वळणार नाही. पण वसमतहून हिंगोलीला आणि हिंगोलीहून वाशीमला जाणाऱ्यासाठी रेल्वे सरळ आहे. तिथे जोर लावा. औंढा नागनाथ हे ज्योतिर्लिंगाचे गाव; तिथे रेल्वे नाही, भाविक हिंगोली, चोंढी किंवा वसमतला उतरून रस्त्याने जातात. औंढा तालुक्यातच दुधाळ्याला गुरुत्वीय लहरींची लायगो प्रयोगशाळा होते आहे. या दोन्हींसाठी नवा मार्ग मागण्याआधी चोंढीच्या फलाटाबाहेर गाडीच्या वेळेला एसटी उभी राहील, एवढे तरी मागू.

फलाटापासून घरापर्यंतचा शेवटचा दीड-दोन किलोमीटर सगळ्यांत महाग असतो. दिवे नसलेल्या वाटेवरून अंधारात चालावे लागते म्हणून घरचे लोक मुलीला दुसऱ्या गावच्या कॉलेजात पाठवत नाहीत. अशा स्टेशनाचा त्या मुलीला उपयोग शून्य. म्हणून कुठलीही जागा सुचवताना तिथवरची पायवाट, दिवे आणि एसटीचा थांबाही त्याच नकाशावर दाखवा.

दुपारच्या सत्रात ठराव लिहिला जाईल. त्यात माझी एक मागणी घ्या. हिंगोली, वसमत आणि कळमनुरीच्या एसटी स्थानकांवर सकाळी सहा ते दहा कोण कुठून येतो, कुठे जातो, याची मोजणी इथल्या तंत्रनिकेतनांतल्या आणि महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. भर पावसाळ्यात एक आठवडा, आणि हळदीचा बाजार भरात असताना एक आठवडा. ते आकडे नकाशावर मांडून नांदेडच्या विभागीय रेल्वे कार्यालयात आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे एकाच दिवशी द्यावेत. मोजणीच्या कामासाठी मी स्वतः उभा राहीन; ज्यांना यायचे आहे त्यांनी सभा संपल्यावर नावे द्यावीत.