ऑनलाइन शिकवायला तंत्र किती यावं लागतं?

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी बंगळुरूलाच स्थायिक झालो. इथल्या काही मित्रांबरोबर मराठीतून मोटार मेकॅनिकचे ऑनलाइन धडे तयार करतो. बघणारी मुलं निपाणी, बेळगाव, लातूर, इंदूर अशी कुठकुठची. या कामामुळे मला एक प्रश्न सारखा ऐकू येतो, आणि विचारणारे बहुतेक माझ्याच वयाचे शिक्षक असतात. "कर्नलसाहेब, आम्हाला एडिटिंग वगैरे काही येत नाही. कोर्स करायला टेक्निकल किती यावं लागतं हो?"

माझं उत्तर असं आहे. तुमच्या धड्यात चूक निघाली, तर ती त्याच रात्री, कुणालाही फोन न करता तुम्हाला दुरुस्त करता आली पाहिजे. एवढं तंत्र यावं. जास्त आलं तर आनंदच आहे. पण याच्यापेक्षा कमी आलं तर पोरांचं नुकसान होतं, हे मी पाहिलंय.

आयटीआयमध्ये तीस वर्षं डिझेल मेकॅनिक शिकवलेले एक सर आहेत. एका संस्थेनं त्यांचा कोर्स करायला घेतला. स्टुडिओ झकास, मागे फिरणारं इंजिनाचं चित्र, सुरुवातीला संगीत. सरांना सांगितलं गेलं, तुम्ही फक्त बोला, बाकी आम्ही बघतो. टॅपेट सेटिंगच्या धड्यात सर म्हणाले होते, "हे माप इंजिन पूर्ण थंड असताना घ्यायचं." एडिटिंग करणाऱ्या मुलाला वाक्य लांबट वाटलं. त्यानं नेमका तेवढा तुकडा कापला. त्याचा तरी काय दोष, त्यानं आयुष्यात फिलर गेज हातात धरलेलं नव्हतं. आकडा राहिला, अट गेली. आता गॅरेजमध्ये गाडी नुकतीच चालून आलेली असते. पोरगं गरम इंजिनावर तेच माप लावतं, आणि इंजिन थंड झालं की माप बदलतं. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत दारात उभं, आणि मालक पोराच्या पगारातून पैसे कापतो.

सरांना चूक पहिल्याच दिवशी कळली. दुरुस्त करायला जवळजवळ तीन आठवडे लागले. मूळ फाइल संस्थेकडे, पासवर्ड संस्थेकडे, एडिटर रजेवर. व्हिडिओखाली दोन ओळींची सूचना टाकावी, तर सरांना तेही करता येत नव्हतं. त्या तीन आठवड्यांत किती पोरांनी तो धडा पाहिला असेल, याचा विचार करून तो माणूस झोपत नव्हता. "तुम्ही फक्त बोला" या वाक्याची मला तेव्हापासून धास्तीच बसली आहे.

फौजेत शिकवणाऱ्याला आम्ही उस्ताद म्हणतो. बरेच उस्ताद हवालदार असतात, शिक्षण बेताचं. पण हत्यारांचा सबक कसा बांधलेला असतो ते बघा. आधी 'शुरू-शुरू का काम', म्हणजे क्लासची गिनती आणि सामानाची तपासणी. मग 'दोहराई', मागच्या धड्यावरचे प्रश्न. मग 'उद्देश्य', मग 'भागों में बाँट', म्हणजे आज काय शिकायचं आणि ते किती तुकड्यांत. त्यानंतर बयान आणि नमूना, आणि मग जवानाच्या हातात हत्यार देऊन अभ्यास. ऑनलाइन कोर्सच्या प्रशिक्षणात आता मॉड्यूल, क्विझ, लर्निंग आउटकम असे शब्द ऐकले की मला तो उस्ताद आठवतो. हे सगळं त्याला येत होतं. त्याला फक्त माइक कुठे धरायचा ते सांगायचं राहिलं होतं.

आपल्या देशातला मोठा प्रयोग घ्या. २००३ साली सात आयआयटी आणि आमच्या इथलं भारतीय विज्ञान संस्थान, म्हणजे आयआयएससी, यांनी मिळून एनपीटेल सुरू केलं. कित्येक तास प्राध्यापक फळ्यावर लिहितायत आणि कॅमेरा बघतोय, एवढंच. तरी देशभरच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी ते बघून अभ्यास केला. तिकडे सलमान खान, म्हणजे खान अकादमीवाले, सिनेमातले नव्हेत, २००४ मध्ये दूर राहणाऱ्या नात्यातल्या बहिणीला गणित शिकवत होते. २००६ मध्ये त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. काळा पडदा, रंगीत अक्षरं, आणि समजावणारा आवाज. चेहरासुद्धा दिसत नाही.

या बाबतीत २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एडएक्स या अमेरिकी व्यासपीठाच्या चार कोर्सेसमध्ये व्हिडिओ पाहिले गेल्याच्या सुमारे ६९ लाख नोंदी तपासल्या. छोटे व्हिडिओ मुलं जास्त टिकून बघतात, सहा मिनिटांच्या आतले सगळ्यात जास्त. शिवाय खर्चिक स्टुडिओपेक्षा साधेपणानं, समोर बसून बोलल्यासारखं केलेलं चित्रण जास्त धरून ठेवू शकतं. हे वाचलं तेव्हा मी ते त्या आयटीआयच्या सरांना लगेच पाठवलं.

आता कुणी म्हणेल, मग तंत्राचं कौतुक कशाला? यासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं उदाहरण घेऊ. रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी शिक्षकांना वाटली, ते सगळ्यांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घातले, हेही माहीत आहे. पण त्याच्या आधीची पायरी लोक विसरतात. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती. गुरुजी आधी कन्नड शिकले, पुस्तकांचा मजकूर मुलींच्या भाषेत आणला, आणि मग त्यावर कोड चिकटवले. कोड तयार करायला काही मिनिटं लागतात. कन्नड यायला किती लागतात, हे बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला मी सांगायला नको! (माझी अजून भाजीवाल्यापर्यंतच मजल आहे.)

बरं, मग नेमकं काय शिकायचं? पहिला आवाज. चित्र थोडं धूसर असलं तर चालतं, आवाज घुमला तर मुलगा व्हिडिओ बंद करतो. पंखा बंद, खिडकी बंद, कॉलरला लावायचा साधा माइक. दुसरं, फाइल किती जड झाली ते बघता येणं आणि हलकी करता येणं. आपल्याकडची कितीतरी मुलं रोजच्या डेटा पॅकवर शिकतात, आणि तोच फोन घरात तिघे वापरतात. दहा मिनिटांचं साधं बोलणं ६४ केबीपीएसनं साठवलं तर पाच एमबीच्या आत बसतं. तेच चकचकीत व्हिडिओत घातलं तर कितीतरी पट होतं. जिथे बोलून भागतं तिथे व्हिडिओचा हट्ट कशाला?

तिसरं, एक तुकडा कापून त्याजागी दुसरा जोडता येणं. हे मोबाइलवरही होतं, आठवड्याभराच्या सरावात जमतं. टॅपेटचं ते वाक्य सरांनी एवढ्या बळावर त्याच रात्री परत घातलं असतं. चौथं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते तंत्रही आहे आणि शिकवणंही. व्हिडिओ मध्येच थांबवून प्रश्न टाकता आला पाहिजे. आयआयटी मुंबईच्या मंडळींनी शिक्षकांसाठी जी पद्धत बसवली, तिच्यात याला रिफ्लेक्शन स्पॉट म्हणतात. थांबा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे चला. आमच्या उस्तादाची दोहराईच ती. आणि मुलांनी काय उत्तरं दिली ती उघडून वाचता आली पाहिजेत. निम्म्या मुलांचं एकाच प्रश्नाचं उत्तर चुकत असेल तर धडा चुकलाय, मुलं नव्हे.

ॲनिमेशन, वेबसाइट, सर्व्हर हे शिकायच्या मागे लागू नका. एका निवृत्त बाईंनी सहा महिने ॲनिमेशनच शिकण्यात घालवले, एकही धडा झाला नाही. उत्तम व्याकरण शिकवणाऱ्या बाई, वाईट वाटलं. ही कामं करणारी तरुण पोरं आहेत, त्यांना द्यावीत आणि कामाचे पैसे द्यावेत. कॉलेजं आजकाल शिकवायला, शूटिंगला, एडिटिंगला आणि तक्रारींना एकाच माणसाला जुंपतात, तेही रविवारी, तेही फुकट. त्याला कौशल्यविकास म्हणतात, मी त्याला बिनपगारी फटीग म्हणतो.

आणि कुणी संस्था तुमचा कोर्स करायला आली तर सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. मूळ फाइलची एक प्रत तुमच्याकडे राहील. दुरुस्ती करण्यापुरता लॉगिन तुम्हाला मिळेल. आणि शेवटचा कट तुम्ही पाहिल्याशिवाय धडा बाहेर जाणार नाही. त्या सरांचा दुसरा कोर्स आता आमच्या गटात चालू आहे, क्लच प्लेटपर्यंत आलाय. एडिटिंग एक मुलगी करते, पण सर शेजारी वही घेऊन बसतात आणि कुठलं वाक्य कापलं ते विचारतात.

चला, प्रश्न घेऊ. माइक मागच्या रांगेकडे द्या.