गलांडा : कोरड्या रानातले फूल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बागेविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. बाग म्हटली की आपल्यापैकी पुष्कळजणी हसतात. नळाला दिवसाआड पाणी, उन्हाळ्यात हंड्यांची रांग. तिथे फुलझाडांचे लाड कोणी करायचे? हे म्हणणे खोटे नाही. परंतु दसरा-दिवाळीला हार-तोरण लागतेच. फुलांचा भाव ऐकून आपण मागे सरतो, आणि दारावर प्लॅस्टिकचे तोरण चढते. म्हणून थोड्या पाण्यावर येणाऱ्या एका फुलाची गोष्ट मी सांगणार आहे.

ते फूल म्हणजे गलांडा. काहीजणी त्याला गॅलार्डिया म्हणतात. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये गायार नावाचे एक न्यायाधीश होते. त्यांना वनस्पतिशास्त्राचे प्रेम, म्हणून त्यांचे नाव या फुलाला मिळाले. याचे माहेर मात्र अमेरिकेत. टेक्सास, ओक्लाहोमा, ॲरिझोना आणि उत्तर मेक्सिको इथल्या कोरड्या, रेताड रानात ते आपोआप उगवते. ओक्लाहोमा राज्याने 1986 साली त्याला आपले राज्य-रानफूल ठरवले. आज पुणे-अहिल्यानगरकडचे शेतकरी ते हारांसाठी पिकवतात. लेक परक्या घरी जाऊन तिथलीच होते, तसे हे फूल आपले झाले आहे.

याचे कूळ सूर्यफुलाचे. झेंडू, शेवंती, ॲस्टर ही याची भावंडे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे पाहता अनेक बारीक फुलांचा मेळावा असतो. कडेच्या रंगीत पाकळ्या शोभेच्या. बी धरते ते मधल्या गोंड्यात. ज्या गाजरगवताने आपण हैराण आहोत, तेही याच कुळातले आणि अमेरिकेतूनच आलेले. पुण्यात त्याची नोंद 1955 च्या सुमारास झाली. कूळ एक, पण गुण किती निराळे!

आता लागवड. दसऱ्याला फूल हवे असेल तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकावे. कुंडीत माती, वाळू आणि चाळलेले शेणखत मिसळावे. बी पसरून वर अगदी पातळ माती भुरभुरावी. खोल पुरू नये. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. महिना-सव्वा महिन्याने रोपे बाहेर लावावीत. दोन रोपांत दीड वीत आणि दोन ओळींत एक हात अंतर ठेवावे. रोप लावल्यापासून दोन-अडीच महिन्यांत फुले येऊ लागतात.

जागा भर उन्हाची हवी. सावलीत झाड नुसते उंच वाढते. मूळ धरेपर्यंत नेमाने पाणी द्यावे. पुढे माती वरून सुकल्यावरच. याच्या पानांवर बारीक लव असते, तिच्यामुळे पानातला ओलावा लवकर उडत नाही. म्हणून तांदूळ-डाळ आणि भाजी धुतलेले पाणी त्याला पुरते. साबणाचे पाणी मात्र नको. पाणी साचले तर मुळे कुजतात. काळी चिकण माती असेल तर वाळू मिसळून वाफा उंच करावा. खतही बेतानेच, नाहीतर पानेच माजतात. कोमेजलेली फुले खुडत राहिले की नवी येत राहतात. ज्यांची कातडी नाजूक, त्यांना पाने हाताळताना खाज सुटू शकते. त्यांनी हातात कापड घ्यावे.

शेवटच्या बहरात चांगल्या झाडांची चार-सहा फुले झाडावरच वाळू द्यावीत. पाकळ्या गळून गोंडा करडा झाला की तो काढून सावलीत सुकवावा, आणि बी कागदी पुडीत कोरड्या डब्यात ठेवावे.

भगिनींनो, माझी एक सूचना आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून प्लॅस्टिकची डबी देतो. ती चार दिवसांत माळ्यावर जाते. येत्या संक्रांतीला गलांड्याच्या बियांची पुडी वाण द्यावी. ती जूनपर्यंत जपावी आणि पेरावी. ज्यांना अंगण नाही त्यांनी फुटक्या बादलीला खाली भोके पाडून त्यात लावावे. मग पुढच्या दसऱ्याला मंडळाच्या दारावरचे तोरण विकत आणायला नको. उरलेल्या फुलांचे हार करून विकले, तर चार पैसे मंडळाच्या पेटीत पडतील, आणि ते कोणापुढे हात न पसरता मिळवलेले असतील.