खोटा रुग्ण, खरी परीक्षा



मी कोलकात्याहून बोलतोय. नोकरीची शेवटची वर्षं फोर्ट विल्यममध्ये गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही दोघं इथेच राहिलो. सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही, संशोधकही नाही. साधा पदवीधर फौजी माणूस. पण तीस-पस्तीस वर्षं एक काम सतत केलं, ते म्हणजे माणसं शिकवणं. आजचा विषय त्यातूनच आला. नर्स, आरोग्यसेविका, खेड्यातला कंपाउंडर, ही आपल्या दुखण्याला सगळ्यांत आधी हात लावणारी माणसं. त्यांना शिकवलं की ती खरंच शिकतात का? आणि ते ओळखायचं कसं?

या विषयात मी का शिरलो ते आधी सांगतो.

माझी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेली. मी तेव्हा सीमेवर होतो. रात्री तिच्या छातीत दुखायला लागलं, घाम फुटला. गावात एक कंपाउंडर होता. सगळे त्याला 'डॉक्टर'च म्हणायचे. त्याने पित्त झालंय असं सांगितलं, एक इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि सकाळी बघू म्हणाला. सकाळपर्यंत आई राहिली नाही.

मी सुट्टीवर आलो तो तक्रार करायची हे ठरवूनच. अण्णांनी मला थांबवलं. म्हणाले, "कर तक्रार. पण रात्री-अपरात्री बोलावलं तर येणारा तो एकटाच आहे. तो गेला की कोण येणार, तेवढं सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र कित्येक वर्षं राहिला.

आता फौजेतली एक गोष्ट. माझ्या तुकडीत प्रथमोपचाराचा वर्ग झाला. रक्तस्राव कसा थांबवायचा, पट्टी कशी बांधायची, जखमीला कसं उचलायचं. लेखी परीक्षा घेतली, सगळे उत्तम गुणांनी पास. मी खूश. काही दिवसांनी रात्रीचा सराव होता. कुणालाही न सांगता मी एका जवानाला सांगून ठेवलं की वाटेत पडायचं आणि मांडीला गोळी लागली म्हणून ओरडायचं. तो ओरडला, बाकीचे धावले आणि सगळे पट्टी शोधू लागले. एकाच्याही खिशात पट्टी नव्हती. ती होती पाठीवरच्या पिशवीत, तळाशी, कपड्यांच्या खाली. ती निघेपर्यंत खरा जखमी दगावला असता.

परीक्षेत कुणी चुकलं नव्हतं. चूक माझी होती. मला जे मोजायला हवं होतं ते मी मोजलंच नव्हतं.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९५९ मध्ये हीच गोष्ट चार पायऱ्यांत मांडली. आजही जगभर प्रशिक्षणाचं मोजमाप करताना त्या वापरतात. मी त्या आपल्या भाषेत सांगतो. पहिली पायरी: वर्ग आवडला का? दुसरी: समजला का? तिसरी: कामावर गेल्यावर तसं केलं का? आणि चौथी: त्यामुळे फरक पडला का? आपल्या विषयात चौथीचा अर्थ सरळ आहे, रुग्ण वाचला का?

आपल्याकडची बहुतेक शिबिरं पहिल्या दोन पायऱ्यांवर संपतात. समारोप, प्रमाणपत्र, गटाचा फोटो, झालं. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर चढून बघणारं संशोधन कमी होतं, कारण ते अवघड असतं. त्यातलं एक महत्त्वाचं काम मी राहतो त्याच राज्यात झालं, बीरभूम जिल्ह्यात. शांतिनिकेतन ज्या जिल्ह्यात आहे, तोच हा जिल्हा.

बंगालच्या खेड्यांत वैद्यकीय पदवी नसताना औषध देणारे पुष्कळ आहेत. लोक त्यांना 'हातुडे डाक्तार' म्हणतात. आपल्याकडचा कंपाउंडर म्हणा, बोगस डॉक्टर म्हणा. लिव्हर फाउंडेशन या संस्थेने त्यांच्यासाठी एक अभ्यासक्रम चालवला, नऊ महिन्यांत ७२ सत्रं. अभिजित चौधरी, जिष्णू दास, रेश्मान हुसाम आणि पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी यांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. ३०४ जण निवडले, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली. १५२ जणांना प्रशिक्षण, बाकीच्यांना नाही.

परीक्षा लेखी नव्हती. त्यांनी खोटे रुग्ण पाठवले. साध्या माणसांना शिकवून तयार केलं आणि ती माणसं दवाखान्यात जाऊन बसली. एकाच्या छातीत दुखतंय, दुसऱ्याला दम लागतोय, तिसरा म्हणतो की घरी बाळाला जुलाब होताहेत. असा कुणीतरी कधीतरी येईल याला त्या सगळ्यांनी आधी संमती दिलेली होती, पण कोण आणि केव्हा ते माहीत नव्हतं. आणि परीक्षेत हेच तीन आजार आहेत हे शिकणाऱ्यांना सांगितलं नव्हतं, शिकवणाऱ्यांनाही नव्हतं. माझ्या रात्रीच्या सरावासारखंच, फक्त फार नेटकं आणि मोठ्या प्रमाणावर.

ही युक्ती जुनी आहे. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञांनी १९६३ मध्ये कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी असे रुग्ण पहिल्यांदा तयार केले. आज नर्सिंग आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ही पद्धत सर्रास वापरतात.

बीरभूमचा निकाल २०१६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. प्रशिक्षण घेतलेल्यांनी, न घेतलेल्यांच्या तुलनेत, शंभरात जवळजवळ आठ जास्त रुग्णांना योग्य तो सल्ला किंवा उपचार दिला. आठ म्हणजे कमी वाटतील. पण लक्षात घ्या, वर्गातली सरासरी हजेरी निम्म्याच्या थोडी वर होती. आणि खर्च माणशी सुमारे १७५ डॉलर. या जिल्ह्यांत त्या पैशात दुसरं काय उभं राहिलं असतं?

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. नको असलेली औषधं आणि अँटिबायोटिक्स देणं मात्र जराही कमी झालं नाही. रुग्णाला बघायचं कसं, मोठ्या दवाखान्यात पाठवायचं केव्हा, हे ते शिकले. पण औषध विकणं हे त्यांचं पोट होतं. वर्गात ऐकलं म्हणून कुणी स्वतःच्या पोटावर पाय आणत नाही. ज्ञान दिल्याने अज्ञान जातं, गरज जात नाही.

डॉक्टरांच्या संघटनांनी अशा प्रशिक्षणाला विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की याने बोगस डॉक्टरांना मान्यता मिळेल. ती भीती खोटी नाही. मी त्या मुद्द्यावर परत येतो.

त्याआधी नर्सबाईंकडे जाऊ. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये उत्तर प्रदेशातला एक प्रचंड अभ्यास छापून आला. २४ जिल्हे, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखाहून जास्त बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत बाळंतपण करणाऱ्या नर्स आणि एएनएम यांच्या शेजारी आठ महिने प्रशिक्षक जाऊन उभे राहायचे. हात धुतले का, रक्तदाब घेतला का, बाळ लगेच आईच्या अंगाशी दिलं का, अशा कामांची यादी हातात. वर्ग नाही, प्रत्यक्ष कामावरच शिकवणी.

दोन महिन्यांनी पाहिलं तर या केंद्रांत १८ आवश्यक कामांपैकी सरासरी ७२.८ टक्के कामं होत होती. बाकीच्या केंद्रांत ४१.७ टक्के. म्हणजे तिसरी पायरी दिमाखात चढली. बारा महिन्यांनी, प्रशिक्षकांचं येणं थांबल्यावर, ७२.८ चे ६१.७ झाले. पाठ फिरली की सैल पडतं, हे कुठल्याही हवालदाराला विचारा.

पण खरा धक्का चौथ्या पायरीवर बसला. बाळ किंवा आई दगावणं आणि आईला गंभीर त्रास होणं, हे एकत्र मोजलं तर एकीकडे १५.१ टक्के, दुसरीकडे १५.३. फरक शून्य म्हटलं तरी चालेल. बायका शिकल्या, त्यांनी कामही केलं, आणि तरी बाळं वाचली नाहीत.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग मला माझी पिशवीच्या तळाशी असलेली पट्टी आठवली. नर्सला रक्तस्राव ओळखायला शिकवलं, पण रक्त जवळ नसेल, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर नसेल, गाडी वेळेवर येत नसेल, तर तिने काय करायचं? शिकवणं पहिल्या फळीचं झालं, मागची फळी उभीच नव्हती, असा मी त्याचा अर्थ लावतो.

याचा अर्थ नर्सचं शिक्षण वाया जातं असा कुणी काढू नये. २०१४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि शस्त्रक्रिया झालेले सव्वाचार लाख रुग्ण अभ्यासले. जिथे पदवीधर नर्सचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे रुग्ण महिन्याभरात दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी. पण त्याच अभ्यासाने हेही सांगितलं की एका नर्सच्या वाट्याला एक जरी रुग्ण वाढला, तरी ती शक्यता सात टक्क्यांनी वाढते. शिक्षण हवंच. शिवाय तिला दोन हात मोकळे हवेत.

मग चौथ्या पायरीवर कुणी पोचलंच नाही का? पोचले आहेत. दोन उदाहरणं सांगतो, एक इकडचं, एक आपल्याकडचं.

१९७१. मी तेव्हा शाळेत होतो. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते आणि सीमेजवळच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या करवून घेतल्या, त्या पाण्यात मिसळून रुग्णांना पाजायचं ठरवलं. पाजणार कोण? नर्स तर मोजक्याच. म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांना शिकवलं. कपाने पाजत राहायचं, बस. तिथला मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ३.६ टक्क्यांवर आला. शिकवणी काही मिनिटांची, शिकणारी निर्वासित आई, आणि जीव वाचले. आपल्या घरात जी ओआरएसची पुडी असते, तिचा मोठा पुरावा या छावणीत मिळाला.

दुसरं गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत, गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर मोकळा करायचा, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. कमी शिकलेल्या बाईच्या हातात सुई द्यायची, यावरही तेव्हा पुष्कळ भुवया उंचावल्या. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळ जन्मल्यावर ४२ दिवस घरी येऊन बघतात, त्या कामाचं मूळ हे.

या दोन्ही ठिकाणी काय सारखं होतं? काम नेमकं ठरवून दिलेलं होतं. ते करायला लागणारी वस्तू, पुडी असो की इंजेक्शन, हातात होती. आणि कुणीतरी जीव मोजत होतं, प्रमाणपत्रं नाही.

आता आमच्या गावच्या कंपाउंडरकडे परत येतो. त्याला शिकवायचं की हाकलायचं? फौजी असताना माझं उत्तर ठरलेलं होतं, हाकला. बीरभूम वाचल्यावर ते बदललं. पूर्ण नाही. त्याला 'डॉक्टर' म्हणवून घेऊ देऊ नये, असं मला आजही वाटतं. पण छातीत दुखतंय आणि घाम फुटलाय, तर पित्ताची गोळी द्यायची नाही, ताबडतोब गाडी काढायची, एवढं त्याला कुणीतरी शिकवायला हवं होतं. आणि ती गाडीही असायला हवी होती. आईच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. सगळा दोष एकट्या त्याच्या माथी मारून मी मोकळा होत होतो, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. अण्णा तेव्हा होते, तोवर त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

मंडळी, तुमच्यापैकी कुणी रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर असाल, कुणाची लेक किंवा सून नर्सिंगला असेल, कुणी रोटरीतून आरोग्य शिबिरांना पैसे देत असाल. पुढच्या वेळी प्रशिक्षणाचा अहवाल समोर आला, तर "किती जण आले?" हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा की कामावर गेल्यावर कुणी न सांगता जाऊन पाहिलं का? त्यांच्या हातात सामान होतं का? मागे कोण उभं होतं? आणि रुग्णाचं पुढे काय झालं?

त्या रात्रीनंतर माझ्या तुकडीत पट्टी कायम वरच्या खिशात असायची. रोज सकाळी मी स्वतः चाचपून बघायचो. शिकवण्याबद्दल मला जे काही कळलंय, ते एवढंच.

जय हिंद.