ताळेबंद निसर्गाचा : मिडलबरीच्या विद्यार्थ्यांची सोळा वर्षे

(वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानच्या वार्षिक सभेत खजिनदार उभे राहून हिशेब वाचतात, तेव्हा सभागृह शांत होते. उत्सवाला किती खर्च आला, जमिनीचे उत्पन्न किती, पेढीत शिल्लक किती, हे प्रत्येक महाजनाला जाणून घ्यावयाचे असते. कीर्द व खतावणी चोख असेल तर संस्थेची अब्रू शाबूत राहते. मात्र या वहीत एक रकाना कधीच आढळत नाही. वर्षभरात किती धूर आकाशात सोडला, किती इंधन जाळले, किती केर ओढ्याकाठी टाकला, याची नोंद कोणी ठेवीत नाही. हे देणे कोणाच्याही नावे मांडलेले नसते. म्हणून ते फेडण्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. हा न लिहिलेला रकाना वहीत आलाच पाहिजे, असा आग्रह अमेरिकेतील एका छोट्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी धरला. त्या आग्रहाचे यश जसे बोधप्रद आहे, तसेच त्यात झालेल्या चुकाही बोधप्रद आहेत.

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे डोंगराळ व वनश्रीने नटलेले राज्य आहे. तेथील मिडलबरी या गावात १८०० साली स्थापन झालेले त्याच नावाचे महाविद्यालय असून विद्यार्थिसंख्या अडीच हजारांच्या आसपास आहे. पर्यावरण हा विषय पदवीसाठी शिकविण्यास या महाविद्यालयाने १९६५ सालीच आरंभ केला. त्या काळी हा शब्द अमेरिकेतही फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. तथापि पुस्तकातील विद्या आणि संस्थेचा नित्य व्यवहार यांची गाठ पडण्यास पुढे चार दशके जावी लागली. तेथील हिवाळा दीर्घ व कडक. बर्फ महिनोन्महिने वितळत नाही. महाविद्यालयाच्या सर्व इमारतींना ऊब पुरविण्यासाठी एक मध्यवर्ती बाष्पगृह आहे. तेथे तयार होणारी वाफ नळांवाटे वर्गांत, वाचनालयात व वसतिगृहांत जाते. या वाफेसाठी दरवर्षी सुमारे २० लाख गॅलन जड खनिज तेल जळत असे.

मिडलबरीत जानेवारी महिना एकाच विषयाच्या अध्ययनासाठी राखून ठेवलेला असतो. २००३ सालच्या जानेवारीत एका वर्गाने आपलेच महाविद्यालय अभ्यासासाठी घेतले. बाष्पगृहातील तेल, बाहेरून घेतलेली वीज, वाहने, प्रवास आणि केर या सर्वांची मोजणी करून त्यातून किती कर्बवायू वातावरणात जातो, याचा हिशेब विद्यार्थ्यांनी मांडला. या पहिल्या खतावणीने एक भ्रम दूर केला. तोवर पर्यावरणाची काळजी म्हणजे खोलीतील दिवे मालविणे आणि कागद वाया न घालविणे, अशी सार्वत्रिक समजूत होती. या गोष्टी चांगल्या खऱ्या. परंतु आकडे सांगत होते की बहुतांश कर्ज बाष्पगृहाच्या धुराड्यातून वर जात आहे. खर्चाची मोठी बाब सोडून किरकोळ बाबींवर वाद घालीत बसणारी सभा जशी खरी काटकसर करू शकत नाही, तशीच अवस्था येथे होती. विद्यार्थ्यांची दृष्टी दिव्याच्या कळीवरून बाष्पगृहाकडे वळली, ती या मोजणीमुळेच. पुढील वर्षी, २००४ साली, विश्वस्तांनी १९९० च्या पातळीहून ८ टक्के खाली येण्याचे उद्दिष्ट स्वीकारले.

विद्यार्थ्यांच्या कोणत्याही चळवळीला एक उपजत मर्यादा असते. विद्यार्थी चार वर्षे राहतो आणि जातो. विश्वस्त राहतात, इमारती राहतात, धुराडे राहते. एका तुकडीने उत्साहाने हाती घेतलेले कार्य तिच्याबरोबरच संपुष्टात येते, असा सर्वत्र अनुभव आहे. यावर मिडलबरीत २००५ साली निघालेला उपाय अगदी साधा होता. दर रविवारी रात्री जमावयाचे, एवढाच नियम. या मंडळाचे नावही 'रविवार रात्रीचा गट' असेच पडले. तेथे अध्यक्ष वा चिटणीस अशी पदांची उतरंड नव्हती. जो येईल त्याने बसावे, बोलावे आणि काम अंगावर घ्यावे. नवागत विद्यार्थी पदवीच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्याशेजारी बसे, आणि बोलता बोलता अनुभव एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाई. गावच्या उत्सवात पालखीला खांदा देणारे बदलतात, पण पालखी भुईवर टेकत नाही. त्यातलाच हा प्रकार.

'द एंड ऑफ नेचर' हा पृथ्वीच्या वाढत्या तापमानावरील ग्रंथ १८८९ नव्हे, १९८९ साली प्रसिद्ध करणारे लेखक बिल मकिबेन या महाविद्यालयाशी संलग्न होते. तारीख मुद्दाम अधोरेखित करण्याचे कारण असे की हा इशारा जुना असला तरी फार जुना नाही. तो ऐकलेली पिढी अद्याप हयात आहे. २००६ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस मकिबेन, विद्यार्थी व नागरिक रिप्टन खेड्यापासून बर्लिंग्टन शहरापर्यंत पाच दिवस पायी चालत गेले. अखेरच्या दिवशी त्यांच्यामागे सुमारे हजार माणसे होती. त्यातून स्फूर्ती घेऊन १४ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेत एकाच दिवशी १४०० हून अधिक ठिकाणी सभा झाल्या, आणि या सर्वांची जुळवाजुळव मकिबेन यांच्यासह मिडलबरीतील मूठभर तरुणांनी केली होती. त्याच तरुणांनी २००८ साली '३५०' या आकड्याच्या नावाने जागतिक संघटना उभारली. हवेच्या दहा लक्ष भागांत कर्बवायूचे ३५० हून अधिक भाग असणे धोक्याचे आहे, हे शास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांचे प्रतिपादन या नावामागे होते. आज तो आकडा ४२० च्याही पुढे गेला आहे.

जगाला हाक देत असता या विद्यार्थ्यांनी घराकडे मात्र पाठ फिरविली नाही, आणि हाच त्यांचा विशेष. त्यांनी आराखडा तयार करून तो विश्वस्तांपुढे ठेवला. त्यात घोषणांपेक्षा आकडे अधिक होते. कोणत्या मार्गाने किती घट होईल व त्यास किती व्यय येईल, याचे विवरण होते. मे २००७ मध्ये विश्वस्तांनी ठराव केला की २०१६ पर्यंत महाविद्यालयाची कर्बवायूची बाकी शून्य व्हावी. याचे फळ म्हणून सुमारे १ कोटी २० लक्ष डॉलर खर्चून नवी भट्टी उभी राहिली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये तिचे उद्घाटन झाले. या भट्टीत तेलाऐवजी लाकडाचे तुकडे, वर्षाकाठी सुमारे २० हजार टन, वापरावयाचे होते. अपुऱ्या हवेत ते तापविले म्हणजे धुमसतात, त्यांतून ज्वालाग्राही वायू निघतो, आणि तो पेटवून वाफ केली जाते. तेलाचा खप निम्म्याने, म्हणजे १० लाख गॅलनांनी उतरावा, अशी ही योजना होती.

यानंतर प्रश्न आला पैशाचा. महाविद्यालयाचा राखीव निधी सुमारे ९० कोटी डॉलरांच्या घरात होता व त्यातील काही भाग कोळसा व तेल कंपन्यांत गुंतविलेला होता. ज्या धुराविरुद्ध व्रत घेतले, त्याच धुराच्या नफ्यावर शिष्यवृत्त्या द्याव्यात काय, असा विद्यार्थ्यांचा प्रश्न होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये दलाई लामा मिडलबरीस येणार होते. त्या प्रसंगी पाच विद्यार्थ्यांनी एक खोटे प्रसिद्धिपत्रक काढले. दलाई लामांच्या आगमनाचा मान राखून महाविद्यालय अशी गुंतवणूक काढून घेत आहे, असे त्यात संस्थेच्या वतीने जाहीर केले होते! पुढे हे कृत्य आपले असल्याचे त्यांनी कबूल केले. चौकशी होऊन ते नियमभंगाचे दोषी ठरले व त्यांना लेखी ताकीद मिळाली. हेतू कितीही शुद्ध असला, तरी दुसऱ्याच्या नावाने खोटे बोलणे हे असत्यच होय. हिशेबातील सत्य मागणाऱ्याने स्वतःची नोंद खोटी करू नये. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की त्यांनी दोष लपविला नाही आणि शिक्षा टाळली नाही. प्रश्न मात्र खराच होता; आणि तो आता उघडपणे चर्चिला जाऊ लागला. ऑगस्ट २०१३ मध्ये विश्वस्तांनी विद्यार्थ्यांची मागणी अमान्य केली.

मध्यंतरी २०१६ साल उजाडले. त्या वर्षाच्या डिसेंबरात महाविद्यालयाने जाहीर केले की संकल्प सिद्धीस गेला, बाकी शून्य झाली. ही शून्य बाकी नेमकी कशी आली, हे जाणकाराने तपासून पाहण्यासारखे आहे. भट्टीमुळे व काटकसरीमुळे जवळजवळ अर्धे काम झाले होते. उरलेल्या भागासमोर जमेला धरले होते ते ब्रेड लोफ येथील महाविद्यालयाचे अरण्य. तेथील २१०० एकरांहून अधिक भूमी २०१४ साली कायमची संरक्षित करण्यात आली होती. तेथील वृक्ष जो कर्बवायू शोषून घेतात, तो महाविद्यालयाच्या खाती जमा दाखविला गेला.

हे अरण्य कोणाचे? जोसेफ बॅटेल नावाच्या एका गृहस्थाने कुऱ्हाडीपासून वाचविण्यासाठी आयुष्यभर डोंगरच्या डोंगर विकत घेतले. १९१५ साली तो निवर्तला, तेव्हा त्याच्या मृत्युपत्रान्वये त्यातील हजारो एकर महाविद्यालयास मिळाले. म्हणजे एका पूर्वजाने राखलेली ठेव शतकानंतरच्या वंशजांच्या धुराची भरपाई म्हणून वहीत आली. झाडे तर आधीपासूनच उभी होती. ती तोडावयाची नाहीत असे कायमचे बंधन घातले, हे स्तुत्य; पण त्यामुळे धुराड्यातील धूर कमी झाला, असे म्हणता येईल काय? लाकडाच्या तुकड्यांचीही तीच गत. ते जाळताना निघणारा कर्बवायू नव्या झाडांनी शोषला जाईल या विश्वासावर शून्य धरला जातो. पण जळणे आज घडते आणि झाड वाढावयास अनेक दशके लागतात. ताळेबंद दोन्ही बाजूंनी जुळला म्हणजे संस्था कर्जमुक्त झालीच, असे नसते. वडिलार्जित ठेवीचे व्याज दाखवून चालू खर्चाची तोंडमिळवणी करणाऱ्या घराची कथा कोणास ठाऊक नाही?

मिडलबरीचे भाग्य असे की शून्याच्या घोषणेने तेथील विद्यार्थी निजले नाहीत. २०१३ साली नकार ऐकलेली तुकडी केव्हाच पदवी घेऊन गेली होती. तरीही नव्या मुलांनी तोच प्रश्न पुन्हा पुढे आणला. यावेळी त्यांनी खोटे पत्रक काढले नाही. २०१८ साली त्यांनी विद्यार्थ्यांचे मतदान घेतले. मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थी गुंतवणूक काढून घेण्याच्या बाजूचे निघाले. प्राध्यापकांनीही पाठिंबा दिला. जानेवारी २०१९ मध्ये विश्वस्तांनी एकमताने नवा ठराव केला. २०२८ पर्यंत सर्व ऊर्जा सूर्य, जल व जैव पदार्थ यांसारख्या नित्य उपलब्ध होणाऱ्या साधनांतून घ्यावी. मुळात ऊर्जेचा वापरच २५ टक्क्यांनी घटवावा. कोळसा व तेलातील गुंतवणूक पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर आणावी. आणि हे सर्व कार्य अध्यापनाचाच भाग व्हावे. यांतील दुसरे कलम सर्वांत मोलाचे. जमेची बाजू फुगविण्याचा मार्ग सोडून खर्चच कमी करावा, हे त्यात मान्य झाले. पुढे २०२१ साली जवळच्या सॉल्सबरी गावातील दुग्धशाळेत शेण व अन्नाचा टाकाऊ भाग यांपासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला आणि तो वायू महाविद्यालयाच्या उपयोगी पडू लागला. गोमयाचे महत्त्व ज्यांना लहानपणापासून सांगितले गेले, त्या श्रोत्यांना याचे विशेष कौतुक वाटेल.

या कथेचा येथे संबंध काय, असे कोणी विचारील. गोव्याच्या भूमीत संबंध शोधण्यास दूर जावे लागत नाही. खाजन शेतीचे बांध पिढ्यानुपिढ्या टिकले, ते गावकरीने त्यांची दुरुस्ती सामाईक खर्चात मांडली म्हणून. भरतीचे पाणी कोणा एकाच्या शेतात शिरत नाही, हे त्या जुन्या माणसांना ठाऊक होते. देवराईतील झाडाला हात न लावणारे पूर्वज हे या भूमीचे बॅटेलच होत. परंतु देवराई पूर्वजांनी राखली, तळी पूर्वजांनी बांधली, आणि त्यांच्या पुण्याईवर आजच्या उत्सवातील प्लॅस्टिकचे पेले, थर्मोकोलची आरास आणि तळीत सोडलेले निर्माल्य खपून जावे, हा हिशेब सचोटीचा नाही.

तेव्हा पुढील वार्षिक सभेत खजिनदारांच्या वहीत एक रकाना वाढावा. उत्सवात केर किती निघाला, निर्माल्याचे खत किती झाले, डिझेल व सरपण किती जळले, एवढेच प्रथम मोजावे. मोजणीचे काम महाजनांच्या शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलामुलींकडे सोपवावे, आणि त्यांनी भर सभेत आकडे वाचून दाखवावेत. आकडे अप्रिय असतील. वडीलधाऱ्यांना ते ऐकावे लागतील. मिडलबरीच्या विश्वस्तांनी एकदा नकार दिला, पण ऐकण्याचे दार लावून घेतले नाही. विद्यार्थ्यांनी एकदा वाट चुकली, पण प्रश्न सोडला नाही. त्या दोघांच्या चिकाटीतून सोळा वर्षांनी खरा ठराव झाला.

पालखी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाताना क्षणभर दोघांचेही खांदे तिला लागलेले असतात. तो क्षण साधण्याची सुबुद्धी श्रीकृपेने या देवस्थानच्या वृद्धांना आणि तरुणांना लाभो.