दातिवऱ्याची एक सायंकाळ
आमचे एक सेमिनरीतील स्नेही दीक्षेपूर्वीच तो मार्ग सोडून संसारी झाले. त्या वेळी आम्ही त्यांस फार कठोर पत्र लिहिले होते. तीस वर्षांनी, नुकतेच, आम्ही दातिवऱ्यास त्यांच्याकडे गेलो. पत्राचा विषय उभयतांनी टाळला.

सायंकाळी त्यांची पाच वर्षांची कन्या आम्हां दोघांस वैतरणेच्या मुखाशी घेऊन गेली. समोरचा अर्नाळ्याचा किल्ला कोणाचा, असे तिने पुसले.

“पोर्तुगीजांचा होता, १७३७ साली मराठ्यांनी जिंकला.”

“फादर, मग ते भांडण मिटलं का?”

स्नेही हसले. आम्हांस हसू आले नाही.

परतताना तिने एक हात बापाचा व एक आमचा धरला होता. तेव्हा आम्ही क्षमा मागितली.

“ते पत्र अजून पेटीत आहे,” एवढेच ते म्हणाले.